अख्खे अक्रोड

आम्हा बायकांना सोलून द्यायचा रोगच आहे. डाळिंब सोला, मटार सोला, मुलगा तिशीचा झाला तरी संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढून द्या. हा रोग मी अमेरिकेत ट्रॉयला, मुलाकडे, घेऊन आले आणि दोन जनावरांना लावला.

जनावरं म्हणजे अगूटी. मूळची दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली, सशाएवढी, काटकुळ्या पायांची, शेपूट नावापुरतं. मुलाच्या घराजवळच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात दोघी बहिणी जन्मल्या. तिथे मी फुकट राबते. दोन वर्षं रोज सकाळी अक्रोड फोडून त्यांना नुसता गर दिला. सगळे म्हणायचे, वा, शैलजाकाकू!

मग युनिव्हर्सिटीतून ज्ञानदा आली. नागपूरची, पीएचडी करणारी, फटकळ.

"काकू, दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगलात शिकारीने अगूटी संपल्यात. तिथे या दोघींना सोडायचा विचार आहे. पण आधी आठवडाभर बघणार, बिया जमिनीत पुरून ठेवतात का ते."

"कशाला पुरायच्या?"

"पुढच्या उपाशी दिवसांसाठी. त्यातल्या काही विसरतात, त्यांची झाडं होतात. मोठ्या बियांची झाडं तिथे अशीच पसरतात. यांना ते जमत नसेल तर कॅन्सल. जन्मभर पिंजरा."

ती कॅमेऱ्यातून बघायची. पाच दिवस गेले. दोघींनी एक दाणा पुरला नाही. टाकलं की खाल्लं, खाल्लं की झोपल्या. सहाव्या दिवशी ज्ञानदा वैतागून प्राण्यांच्या स्वयंपाकघरात आली, तर माझ्या हातात हातोडी.

"हे काय करताय?"

"फोडतेय. दात दुखतील ना त्यांचे."

"दात? काकू, दगडासारखी फळं फोडणारे दात आहेत ते! जन्मभर वाढतात, झिजायला कठीणच लागतं. कवच काढलेला गर मातीत टिकतो का? मग त्या पुरतील कशाला? डे-केअर काढलंय यार तुम्ही!"

संताप आला. तिचा नाही, माझा. आणि तिथल्या पगारी शहाण्यांचा. दोन वर्षांत एकाने तोंड उघडलं नाही. का, तर काकूंना वाईट वाटेल. असल्या सभ्यपणाला आग लागो. त्यापायी दोन जिवांचं जंगल जात होतं.

"आठवडा वाढवून घे," मी म्हटलं, "आणि ही हातोडी घेऊन जा."

अख्खे अक्रोड टाकले. धाकटी माझ्याकडे बघत बसली. हात शिवशिवत होते, पण पाठीमागे बांधून उभी राहिले. थोरलीने एक उचलला, पुढच्या पायांत धरून कुरतडला, कवच फुटलं. तीन खाल्ले. चौथा तोंडात धरून कोपऱ्यात गेली, माती उकरली, अक्रोड ठेवला, माती थोपटली आणि वर एक वाळकं पान ओढलं. कोणी शिकवलं होतं तिला? कोणी नाही.

धाकटी लगेच धावली आणि तोच उकरून पळाली.

"अगं चोरटे!" मी ओरडले.

"ओरडू नका!" ज्ञानदा नाचायचीच बाकी होती. "चोरी चांगली असते. बघा, ती लांब नेऊन पुरतेय. जंगलात असंच बी हातोहात दूर जातं."

रविवारपर्यंत अकरा अक्रोड मातीखाली होते. ज्ञानदाने दोघींसाठी होकार कळवला.

न्यायच्या दिवशी विमानतळावर जायला दोघींचं खोकं गाडीत चढवलं, तर आतून करकर आवाज.

"लाकूड कुरतडतायत," ड्रायव्हर घाबरला.

"कुरतडू दे," मी म्हटलं. "तू लवकर पोचव."