आंबट ठरलेलं दूध

संगमनेरजवळच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत अंबिका नऊ वर्षं नोकरीला होती. गावोगावचं दूध तपासायचं, चांगलं असेल तर आत घ्यायचं, नासकं असेल तर परत पाठवायचं, हे तिचं काम.

चार वर्षांपूर्वी तिनं एक टँकर न तपासताच आत सोडला होता. तिच्या लेकाला, अनीशला, शाळेत ताप भरला होता. फोन आला आणि तिनं घाईत सही ठोकली. टँकरमधलं दूध आंबलेलं निघालं, त्यानं मोठ्या टाकीतलं सगळं दूध नासवलं. मॅनेजर सुमंत सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून एकदाच झापलं आणि विषय संपवला. अंबिकाचा मात्र तो संपला नाही. तेव्हापासून ती प्रत्येक नमुना दोनदा तपासायची. दोघंजण हळू आवाजात बोलताना दिसले की आपल्याबद्दलच बोलतायत असं तिला वाटायचं.

मग श्रीरामपूरहून मोनिका आली. वय सव्वीस. दुसऱ्याच महिन्यात तिच्या हातून दोन गावांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली. मीटिंगमध्ये ती उभी राहून म्हणाली, "सर, चूक माझीच. चिठ्ठ्या नंतर लावल्या. आजपासून आधी चिठ्ठी, मग बाटली भरणार." एवढं बोलली आणि दुपारी सगळ्यांबरोबर हसत जेवली.

अंबिका बघत राहिली. दिवाळीनंतर मोनिकाला इनचार्ज केलं, तेही तिला लागलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हिचं हसणं. आपण चार वर्षं जे उरावर घेऊन फिरतोय, ते ही पोरगी एका दुपारीत खाली कशी ठेवते? हिला कुणी दिला हा हक्क?

मे महिन्यातली एक सकाळ. दुधाचा आंबटपणा मोजायला त्यात एक द्रावण थेंब थेंब सोडतात. जितकं जास्त लागेल तितकं दूध आंबट. त्या दिवशीचं द्रावण मोनिकानं बनवलं होतं. आठ वाजता अंबिकानं पहिले तीन आकडे बघितले आणि तिच्या लगेच लक्षात आलं. द्रावण पातळ झालंय. ते जास्त लागतंय, म्हणून चांगलं दूधही आंबट दिसतंय; हे तिन्ही नमुने काठावर पास झाले, पुढचं एखादं उगाच परत जाईल.

ती सांगायला उठली. तेवढ्यात सुमंत सर दारात आले. "मोनिका, तू असलीस की मला इकडे बघावंच लागत नाही," असं म्हणून हसत निघून गेले.

अंबिका परत खुर्चीवर बसली. होऊ दे, म्हणाली मनात. हिचंही एकदा होऊ दे.

नऊच्या सुमारास चांगुणाबाईंचा टेम्पो आला. त्यांच्या गावातल्या बायकांनी मिळून दूध केंद्र चालवलं होतं. त्यांचं दूध आंबट ठरलं. भरलेले कॅन गेटपाशी उन्हात उतरवले गेले.

"बाई, पहाटं धार काढलीया," चांगुणाबाई काउंटरवर येऊन म्हणाल्या. "घरोघरचा वास घिऊन वतून घेतलंय मी. आंबट कसं हुईल?"

"मावशी, मी स्वतः दोनदा तपासलंय," मोनिका म्हणाली. ती खरंच बोलत होती.

चांगुणाबाई अंबिकाकडे वळल्या. "तुमी जुन्या हाय हितल्या. तुमी तरी सांगा."

"मोनिका मॅडम इनचार्ज आहेत," अंबिका म्हणाली आणि मान खाली घातली.

तासाभरात उन्हानं दूध खरंच फाटलं. खिडकीतून अंबिकाला दिसलं, चांगुणाबाई आणि त्यांच्याबरोबर आलेली एक बाई एकेक कॅन गटारीपाशी नेऊन उपडा करत होत्या. अंबिकाला वाटलं होतं, आज आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

ती मोनिकाच्या टेबलाशी गेली. "द्रावण पातळ आहे. मला आठ वाजताच कळलं होतं."

मोनिकानं आधी द्रावण तपासलं. तिचा चेहरा उतरला. मग उरलेलं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं.

"आठ वाजता? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"नाही."

"का, ताई?"

"तुझ्या हातून मोठं काहीतरी चुकावं असं वाटलं. तुझा हेवा वाटतो मला."

मोनिकानं पातळ द्रावणाची बाटली उचलून बाजूला ठेवली. "माझी चूक मी निस्तरीन," ती म्हणाली. "तुमचं हे काय आहे, ते तुम्हीच बघा."

दोघींनी सुमंत सरांना खरं ते सांगितलं. दोघींना नोटीस मिळाली. संघानं गावाला भरपाई द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोघी चांगुणाबाईंच्या केंद्रावर गेल्या आणि अंबिकानं सगळ्या बायकांसमोर घडलं ते सांगितलं. एक बाई तिथूनच उठून गेली. चांगुणाबाई म्हणाल्या, "लई राग आलाय मला. पन तोंडानं सांगाया आलात, ह्ये बरं केलं."

परतताना एसटीत अंबिकानं मोनिकाला चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली.

"माहितीय मला," मोनिका खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पोरगा तापानं फणफणलेला, तुम्ही घाबरलात. एवढंच ना? ती चूक होती. कालचं तुम्ही ठरवून केलंत."

अंबिका हो म्हणाली. चुकून होणं आणि ठरवून करणं, या दोन गोष्टी तिनं कधी वेगळ्या करून बघितल्याच नव्हत्या. जुन्या चुकीसाठी ती स्वतःला चार वर्षं शिक्षा देत राहिली होती, आणि त्या शिक्षेच्या कडवटपणातूनच कालचं पाप घडलं होतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या घाबरलेल्या आईला तिनं त्या बसमध्ये माफ करून टाकलं. काल मुद्दाम गप्प बसलेल्या स्वतःला माफ करणं इतकं सोपं नव्हतं. त्यासाठी काहीतरी करावं लागणार होतं.

तिनं सुमंत सरांकडे स्वतःहून नवं काम मागून घेतलं, आणि आता ती गावोगावच्या केंद्रांवर जाऊन बायकांना दूध तपासायला शिकवते. मोनिका तिच्याशी कामापुरतंच बोलते. हेवाही कधी कधी उठतोच.

परवा काष्टीकडच्या एका केंद्रावर भीमाबाई नावाची बाई आकडा चुकली आणि वही पदराखाली लपवून बसली. अंबिका तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"दाखवा," ती म्हणाली. "कुठं चुकलं ते आपण दोघी मिळून बघू."

भीमाबाईंनी हळूच वही पुढं केली.