खोडलेली बरोबर उत्तरं

मी एक जुना खोडरबर आहे, आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं माझ्या मागे जन्मापासून काही ना काही लागलेलंच आहे.

मित्रांनो, माझा जन्मच पात्याखाली झाला. कारखान्यात आम्ही सगळे भाऊ एका लांब पांढऱ्या पट्टीत एकमेकांना चिकटून पडलो होतो. पातं खाली यायचं आणि एकेक जण सुटा व्हायचा. माझी पाळी येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. मग अंगावर निळ्या कागदाचा सदरा चढला आणि मी स्टेशनरीच्या दुकानातल्या बरणीत येऊन पडलो. तिथून मला एका मुलीने उचललं. तीच आमची ताई. बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मऊ आहे. कागद फाडणार नाही." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

ताई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होती. औजारं धुऊन ठेवायची, दिवा नीट धरायचा, मागितला की कापूस द्यायचा. तिला स्वतः रोग्यांचे दात साफ करायला शिकायचं होतं. त्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर इंग्रजी व्याकरणाची एक परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती तीनदाच देता येते. ताई दोनदा नापास झाली होती. मी घरात आलो तेव्हा तिची शेवटची खेप उरली होती. ही हुकली की जन्मभर दिवा धरूनच उभं राहायचं.

या परीक्षेत वाक्यं सुधारायची असतात. एक वाक्य छापलेलं, त्यातल्या काही शब्दांखाली रेघ, आणि खाली चार पर्याय. पहिला पर्याय नेहमी एकच असतो: वाक्यात काही चूक नाही, आहे तसं राहू द्या. उरलेल्या तीन पर्यायांत ते शब्द बदलून दिलेले असतात. जो पटेल त्याचा गोल पेन्सिलीने काळा करायचा.

ताई रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सरावाला बसायची. वाक्य ओठांतल्या ओठांत वाचायची आणि गोल काळा करायची, पुष्कळदा पहिलाच. मग पेन्सिल थांबायची आणि तिचा हात माझ्याकडे यायचा.

त्या हाताची मला फार भीती वाटायची. तो गार असायचा, घामाने ओला असायचा. चुकलेलं खोडायला मला कधीच वाईट वाटलं नाही. त्यासाठीच तर आम्ही जन्माला येतो. पण नंतर तिने उत्तरसूची उघडली की कळायचं, मी पुसलं तेच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओरडून सांगावंसं वाटायचं, की ताई, थांब! पण खोडरबराला कुठलं तोंड? मी झिजत होतो आणि परीक्षा जवळ येत होती.

घरात ताईचा मोठा भाऊ होता. दादा कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस. तयार शर्ट समोरून सरकत जायचे आणि हा त्यांतल्या चुका हुडकायचा. घरी आला तरी नजर तीच. "दार नीट लाव." "दिवा कुणी चालू ठेवला?" "चहात साखर जास्त झालीय." माणूस वाईट नव्हता, पण त्याची चप्पल दाराशी वाजली की ताई दचकायची, आणि टेबलावर मीही.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला, "आण इकडे, मी तपासतो." माझं उरलंसुरलं अवसान गळालं. लाल पेन भराभर चालू लागलं.

"चूक. चूक. अगं, हेही चूक!"

मग एकदम पेन थांबलं. शर्ट धरतात तसा त्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या गोलांचे पुसट डाग त्यात स्पष्ट दिसत होते.

"इथे तर तू आधी बरोबर उत्तर दिलं होतंस. इथेही. हे खोडलं कुणी?"

"मीच."

"का पण?"

ताई खाली बघत म्हणाली, "पहिला पर्याय आला की भीतीच वाटते रे. काहीच चूक नाही, असं कसं असेल? मला दिसली नसेल, एवढंच."

"सगळीकडे चूक असतेच, असं तुला कुणी सांगितलं?"

 ताई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. दादाने पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे शर्ट चांगला असला की कुणी बोलत नाही," तो म्हणाला. "नुसता पुढे सरकवतात. मी काही बोललो नाही ना, की ते चांगलंच असायचं गं."

"पण मला कसं कळणार ते?" ताईने विचारलं.

दादाने मलाच उचललं. "हा परीक्षेला न्यायचा नाही. केरात टाक आधी." मी डोळे मिटून घेतले असते, पण ते तरी कुठे आहेत? ताईने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे. खरंच चुकलं तर लागेल."

परीक्षेच्या सकाळी दादाने घोट घेतला आणि अवघडून म्हणाला, "चहा चांगला झालाय." ताई घाबरलीच. "बरं नाही का तुला?"

परीक्षेच्या खोलीत कागदांची सळसळ आणि पर्यवेक्षकांचे बूट एवढेच आवाज होते.  एकदा ताईने मला उचललं, ते खरोखर चुकलेलं उत्तर पुसायला. ते मी इतकं स्वच्छ पुसलं, की तिथे काही होतं असं कुणाला वाटू नये. मग शेवटचं वाक्य आलं. ताईने पहिला गोल काळा केला आणि पेन्सिल थांबली.

"शेवटचं मिनिट," पर्यवेक्षक म्हणाले.

गार हात माझ्यावर पडला. मी गोलाला टेकलो. गोलाची कड पुसली गेली, काळं माझ्या अंगाला लागलं. ताईने वाक्य पुन्हा वाचलं.  भीती गेली नव्हती, मित्रांनो. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? पण त्या भीतीसकट तिने मला बाजूला ठेवलं, पेन्सिल घेतली आणि पुसलेली कड पुन्हा काळी केली.

ताई पास झाली. काठावर, पण पास. दादाने निकाल उलटसुलट करून पाहिला आणि सवयीप्रमाणे गप्प बसला. मग काहीतरी आठवल्यासारखा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "छान केलंस गं."

आता मी खणात पडून असतो. न वापरलेला खोडरबर कडक होतो, तसा मीही होत चाललो आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. आम्ही झिजायलाच आलेले. चुका दाखवा, मी आनंदाने संपेन. पण तुमच्या घरात कुणी काही लिहीत असेल, करत असेल, भीत भीत तुम्हाला दाखवत असेल, तर माझ्यासारखं लगेच खोडायला धावू नका. आधी नीट बघा. बरोबर असेल, तर तसं मोठ्याने सांगा.