हार्लनच्या गावचं वर्तमानपत्र

हार्लन प्रॉक्टरचे हात कायम शाईनं काळे असायचे, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याच्या तसबिरी शाळांमधून लागल्या आहेत. त्यांत तो हात पाठीमागे बांधून उभा असतो. मला मात्र तो आठवतो तो बाह्या वर सारून छपाईचे खिळे जुळवताना, तोंडानं शिट्टी वाजवत, मध्येच ओरडून विचारताना, "साय, 'शोकाकुल' की 'शोकमग्न'? ओळीत एकाच शब्दाला जागा आहे!"

मी सायलस व्हिटकॉम्ब. मिलर्स फोर्डचं 'सेंटिनल' मी आणि हार्लननं मिळून घेतलं, तेव्हा ते मरायला टेकलं होतं. बातम्या मी आणायचो, अग्रलेख तो लिहायचा, प्रुफं लव्हिना तपासायची. लव्हिना आमच्याकडे कामाला आली आणि दुसऱ्या वसंतात हार्लनशी लग्न करून मोकळी झाली. माझं लग्न राहूनच गेलं. दुपारचं जेवण आम्ही तिघं छापखान्यातच घ्यायचो, कागदाच्या गठ्ठ्यावर डबे मांडून. आठवड्याचा पेपर रोजचा झाला. मग हार्लन राज्याच्या विधानसभेत गेला, मग गव्हर्नर झाला, आणि एका नोव्हेंबरात देशाचा राष्ट्राध्यक्ष.

जाताना त्यानं आपला हिस्सा माझ्या नावावर केला. म्हणाला, "राष्ट्राध्यक्षाच्या मालकीचं वर्तमानपत्र असलं, की त्याला कुणी वर्तमानपत्र म्हणणार नाही." स्टेशनवर अख्खा गाव लोटला होता. गर्दीतून मला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. लव्हिनानं गाडीच्या खिडकीतून हात हलवला, तो मला की बँडवाल्यांना, ते कळलं नाही.

त्यानंतर मी डबा आणणं सोडलं. कोपऱ्यावरच्या खानावळीत काउंटरच्या टोकाला बसून जेवायचो. मोठ्या शहरांतले बातमीदार यायचे, हार्लनच्या लहानपणच्या गोष्टी विचारायचे. मी सांगायचो. त्यांच्या पेपरात त्या छापून यायच्या तेव्हा त्यांतला हार्लन मला ओळखू यायचा नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात डनमोर हॉलोच्या कोळशाच्या खाणीत संप झाला. ती खाण आमच्यापासून दोन डोंगर पलीकडे. आमच्या गावची बरीच पोरं तिथं कामाला होती. कंपनीनं त्यांना घरांतून बाहेर काढलं, म्हणून ती बायकामुलांसकट तंबूंत राहत होती. हार्लननं शांततेसाठी फौज पाठवली. एका पहाटे गोळीबार झाला, माणसं मेली. वॉशिंग्टनहून निवेदन आलं: पहिली गोळी खाणकामगारांनी झाडली, सैनिकांनी स्वतःच्या बचावासाठी उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः वाचून दाखवलेलं निवेदन. सगळ्यांनी छापलं, मीही छापलं.

मी तिथं गेलो तो मेलेल्यांची नावं आणायला. नावं चुकली तर घरच्यांना लागतं, म्हणून ती मी नेहमी स्वतः आणत असे. तिथं ऑटिली ब्रँट नावाची शाळामास्तरीण भेटली. जखमींच्या पट्ट्या तीच बांधत होती. तिनं मला तंबू दाखवले. गोळ्यांची भोकं सगळी डोंगराच्या बाजूनं होती, आणि डोंगरावर फौज होती.

मी म्हटलं, "पण बाई, पहिली गोळी तुमच्या माणसांची होती म्हणतात."

"कशानं झाडली?" ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या बंदुका सैनिकांनी गोळा करून नेल्या. उगाच भांडण नको, म्हणून आम्हीच द्यायला लावल्या. आता वाटतं, कशाला लावल्या!"

एका बाईचं ऐकून छापता येत नाही. मी फौजेच्या छावणीत गेलो. तिथं ओढ्याकाठी एक सैनिक मान खाली घालून बसला होता, कोवळा, आयोवाकडचा. त्याला जेवण जात नव्हतं. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "बंदुका आमच्याच तंबूत होत्या साहेब. मीच रचल्या होत्या. आमच्या कॅप्टनला काहीतरी हललेलं दिसलं, बस्स. माझं नाव घालू नका."

गोळीबारानंतर पकडलेल्या खाणकामगारांवर खुनाचे खटले भरले होते. शरद लागला की सुनावणी होती.

आधी हार्लनला सांगायचं, असं मी ठरवलं. फोन केला तर त्याचा चिटणीस, प्रूइट म्हणून कुणी, गोड आवाजात म्हणाला, "साहेब कामात आहेत. आपलं काय काम होतं, ते सांगून ठेवा." रोज तेच. शेवटी मी लव्हिनाला तार केली: जेवायला येऊ का? उत्तर त्याच दिवशी आलं: कधीचं यायला हवं होतंस.

राष्ट्राध्यक्षांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत टेबल मांडलं होतं. घेवड्याचं सूप, मक्याचा पाव, थंड मांस. हार्लन मला बघून उठला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून उभा राहिला. बारीक झाला होता. हात अगदी स्वच्छ, नखं कापलेली.

"बस, बस. आधी सांग, त्या हॉब्सचं कोठार पुन्हा जळालं का?"

"पुन्हा जळालं."

"बघ लव्हिना! मी म्हटलं नव्हतं?" तो मोठ्यानं हसला. "आणि म्हातारा क्रेन? गेला? अरे, मला कुणी कळवत नाही. इथं मला कात्रणं देतात, साय. कापलेली, चिकटवलेली, माझ्याबद्दलची. अख्खा पेपर कुणी हातात देत नाही. कुणाची गाय हरवली, कुठं शिलाई मशीन विकायचंय, ते वाचायचीसुद्धा चोरी झालीय."

"आणि पेपरवाले?"

"येतात की. मंगळवारी, शुक्रवारी. अर्धवर्तुळात उभे राहतात. मी खोकलो तरी लिहून घेतात. त्यांतला एक जण तुझ्यासारखाच डोकं खाजवतो. परवा त्याला म्हणणार होतो, चल रे, जेवायला चल. मग वाटलं, उद्या सगळे विचारतील, त्यालाच का बोलावलं." तो पाव मोडत राहिला. "चांगली माणसं आहेत. पण खोलीत आली की मी जपून बोलतो, आणि मी जपून बोलतोय हे त्यांना कळतं."

लव्हिना मला वाढत होती. मला ते जेवण तसंच संपू द्यावंसं वाटलं. मध्ये दोनदा तो प्रूइट येऊन कानाशी कुजबुजून गेला. तिसऱ्यांदा येईल आणि वेळ संपेल, या भीतीनं मी सांगून टाकलं. भोकं, बंदुका, तो सैनिक. हार्लन ऐकत असताना त्याचा चेहरा हळूहळू तसबिरीतल्यासारखा झाला.

"हे मला मित्र म्हणून सांगतोयस की पेपरवाला म्हणून?"

"मला तोंड एकच आहे, हार्लन."

"माझ्याकडे जनरलचा अहवाल आहे."

"तो खोटा आहे."

"तू तिथं एक दिवस होतास."

"तू तर गेलाच नाहीस."

लव्हिनानं चमचा खाली ठेवला. हार्लन खिडकीपाशी गेला. हिरवळीवर कुणीतरी गवत कापत होतं.

"निवडणूक होऊ दे," तो म्हणाला. "मग मी स्वतः चौकशी लावतो. आत्ता फौजेवर अविश्वास दाखवला तर माझ्या हातात काही राहणार नाही. शब्द देतो तुला."

"तोवर त्या पोरांना फाशी सुनावतील."

"साय." तो वळला. "या घरात येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागायला येतो. तुझी तार आली तेव्हा मी हिला म्हटलं, चला, एक तरी नुसता जेवायला येतोय."

तेवढ्यात प्रूइट आला. लव्हिना मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिनं माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "जप रे." काय जपायचं ते तिनं सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मी अग्रलेख लिहिला, घरी येईपर्यंत चारदा खोडला. शेवटी उरलं ते थोडकंच. मी काय पाहिलं, काय ऐकलं, आणि खाली दोन वाक्यं: 'राष्ट्राध्यक्षांना कुणीतरी खोटं सांगितलं आहे, किंवा ते आपल्याला खोटं सांगत आहेत. यातलं कोणतं, एवढं तरी त्यांनी सांगावं.'

आमचा जुना खिळे जुळवणारा गस लिंडनर. त्यानं कागद वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला. "हार्लननं मला हे काम शिकवलं. हे माझ्याच्यानं होणार नाही, साय."

"ठीक आहे," मी म्हटलं. बाह्या सारून मीच जुळवायला बसलो. हात मंदावले होते. गस दारात उभा राहून बघत होता. एका ओळीत खिळा उलटा बसला तेव्हा त्याला राहवलं नाही, पुढं येऊन त्यानं तो सरळ केला आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

देशभरच्या पेपरांनी तो अग्रलेख उचलला. 'राष्ट्राध्यक्षांच्या गावचं वर्तमानपत्र विचारतं' असा मथळा. गावाबाहेरून अभिनंदनाच्या तारा आल्या, अनोळखी लोकांच्या. गावात मात्र कुणी बोलेना. ड्युईच्या सलूनमध्ये गेलो तर खुर्च्या रिकाम्या, आणि ड्युई वस्तरा पुसत म्हणाला, "आज फार गर्दी आहे, मिस्टर व्हिटकॉम्ब." आयुष्यभर मी त्याचा साय होतो. किराणावाल्यानं जाहिरात बंद केली. चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसेनासं झालं. खानावळीत एकानं पाठीमागून, मला ऐकू येईल असं विचारलं, "किती वर्षं जळत होता रे हा?"

ते मात्र मला लागलं. घरी आल्यावर मी स्वतःला विचारलं, खरंच जळत होतो का? तो गेला आणि मी मागं राहिलो, याचं दुःख होतं, नाही कसं म्हणू? पण त्या तंबूंची भोकं काही माझ्या दुःखानं पडली नव्हती. एवढं स्वतःला समजावून मी झोपायला जायचो. झोप लागायचीच असं नाही.

निवडणुकीची वाट न पाहता हार्लननं चौकशी लावली. तो आयोवाचा पोरगा स्वतःहून पुढं आला, आपल्या नावानिशी. कॅप्टनवर खटला झाला, जनरल घरी बसला, खाणकामगार सुटले. वॉशिंग्टनहून चार ओळींचं निवेदन आलं: आधी दिलेली माहिती चुकीची होती, राष्ट्राध्यक्षांना खेद आहे. 'सेंटिनल'चं नाव त्यात नव्हतं. ते असावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. वाट मी पाहत होतो ती फोनची.

फोन आला नाही. नोव्हेंबरात हार्लन पुन्हा निवडून आला. मी मत त्यालाच दिलं. माणूस चुकला, आणि चुकलो म्हणाला. असे मी फार पाहिले नव्हते. पण हे गावात सांगायची सोय नव्हती. त्याच्या बाजूचे मला वैरी समजत, विरोधातले आपला समजत, आणि दोघंही माझ्याकडे जेवायला येत नसत.

मुदत संपल्यावर तो लव्हिनाला घेऊन मिलर्स फोर्डला परत आला. माझ्या छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. आता भेटू, उद्या भेटू, असं म्हणता म्हणता पानगळ आली. एकदा पोस्टाच्या पायरीवर समोरासमोर आलो.

"गुड मॉर्निंग, मिस्टर प्रेसिडेंट," माझ्या तोंडून निघालं. का निघालं देव जाणे. हार्लन म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

तो थबकला. "गुड मॉर्निंग, मिस्टर व्हिटकॉम्ब," म्हणाला, आणि आत गेला.

त्या थंडीत लव्हिना न्यूमोनियानं गेली. त्याच दुपारी छापखान्याचं दार उघडलं आणि हार्लन आत आला, एकटाच. हॅट हातात होती. गस उठून उभा राहिला, मशीन थांबवून बाहेर गेला.

"तिच्याबद्दल तू लिही," हार्लन म्हणाला. "मी बसलो होतो लिहायला. पण मला आता निवेदनांसारखंच येतं."

"बस ना."

तो बसला नाही. मी लिहीत होतो तेवढा वेळ खिडकीशी उभा होता. कागद त्याच्या हातात दिला. तिनं एकदा अख्ख्या अंकातलं गव्हर्नरचं नाव दुरुस्त करायला आम्हाला रात्री घरून छापखान्यात परत आणलं होतं, ते मी घातलं होतं. ते वाचताना त्याच्या ओठांची कड हलली. मग त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेऊन दोन शब्द खोडले, समासात प्रुफाची जुनी खूण केली. मी 'माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी' असं लिहिलं होतं. त्यानं केलं, 'हार्लन प्रॉक्टर यांच्या पत्नी'.

"ती रोज सकाळी तुझा पेपर मला वाचून दाखवायची," तो म्हणाला. "पोस्टानं दोन दिवस उशिरा यायचा. अख्खा, जाहिरातींसकट. तू येऊन गेल्यावर तिनंच सुरू केलं. तो अग्रलेखही वाचला. मी म्हटलं, पुढचं वाच. ती म्हणाली, नाही, हाच पुन्हा वाचते."

"हार्लन, मी..."

"बरोबर होतं ते." त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. "बरोबर होतं म्हणूनच मला तुला फोन करता येईना. चूक असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो."

मी उठलो. कॉफी टाकतो, असं काहीतरी म्हणालो. त्यानं मान हलवली. घरी माणसं आली आहेत, म्हणाला. गव्हर्नर येतोय, बाहेरचे बातमीदारही आहेत. हॅट घातली, दाराशी क्षणभर थांबला आणि गेला.

अंत्ययात्रेत मी बातमीदारांसाठी बांधलेल्या दोरीमागे उभा राहिलो, कारण 'सेंटिनल'ला दुसरा बातमीदार नव्हता आणि बातमी कुणीतरी आणायला हवीच होती. त्यानंतर हार्लन छापखान्यात कधी आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. तीनदा फाटकापर्यंत गेलो होतो. आत दिवा होता, खुर्चीत त्याची पाठ दिसत होती. रस्त्यात भेटलो की तो हॅटला हात लावायचा, मीही लावायचो, आणि आम्ही आपापल्या बाजूनं चालू लागायचो.