वरचा सूर

मी त्रेंबिता बोलतेय, मेंढपाळांचा लाकडी कर्णा. एकाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा केला तर भरेल, जवळजवळ एवढी माझी लांबी. आतून पोकळ, बाहेरून बर्चच्या सालीत गुंडाळलेली. कार्पेथियनच्या या डोंगरात मला फुंकलं की माणसं आधी टोपी काढतात आणि मग विचारतात, "कोण गेलं?"

माझा जन्म वीज पडलेल्या स्मेरेकाच्या, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडातून झाला. ओनुफ्री आजोबांनी ते खोड उभं चिरलं, दोन्ही फाका कोरून काढल्या, पुन्हा जोडल्या. पहिली फुंकर मारली आणि त्यांचं तोंड कडू झालं. खालचा सूर भरदार यायचा, पण ओठ जरा आवळले की माझा घसा आपोआप वर चढायचा. बारीक, थरथरता, टोकदार.

"फुटका घसा," आजोबा म्हणाले. "कुरणावर न्यायच्या लायकीची नाही. मयतीला चालेल."

दुसऱ्या त्रेंबिता मेंढ्यांबरोबर उन्हाळी कुरणावर जात. मी खुंटीवर. मला खाली काढलं की घरातली पोरं गप्प होत. आजोबा मला खालच्या सुरात दाबून धरत आणि मी गावाला मरण सांगत असे. पुढे मलाही वाटू लागलं, मी फक्त त्यासाठीच आहे.

मग आजोबांचा फुंकायचा दम सरला. त्यांची नात वासिलिना शहरात शिकून परत आली होती. एका सकाळी कुणाला न विचारता तिनं मला खांद्यावर टाकलं आणि कुरणावर नेलं. जुना मेंढपाळ तानासी वाटेतच आडवा आला.

"बाईच्या ओठाला त्रेंबिता लागली की मेंढ्यांचं दूध आटतं, पोरी."

"मग लोणी आत्ताच काढून ठेवा, काका."

तिनं फुंकलं. घसा वर चढला. आता शिवी येणार म्हणून मी अंग चोरलं. पण ती तिथंच थांबली, त्या बारीक सुरावर. पुन्हा फुंकलं, आणखी लांबवलं. खालच्या उतारावर मेंढ्यांनी माना वर केल्या आणि सगळा कळप चढण चढून आमच्याकडे आला. त्या उन्हाळ्यात त्यांना दुसरी हाक लागलीच नाही.

"काय काका, आटलं का दूध?"

"पुढच्या वर्षी आटेल," तानासी म्हणाला.

शरद ऋतूत कळप खाली आले आणि नदीकाठच्या वाड्यांत कोंडले गेले. मी पुन्हा खुंटीवर. वरचं रान कंत्राटदारांनी बोडकं केलं होतं. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, आणि तरी एका दुपारी नदीचा आवाज बसला. पात्रातले दगड उघडे पडले.

"उतरलं बघ पाणी," आजोबा खुशीत म्हणाले.

"पाऊस चालू असताना?"

"चार बुकं शिकलीस म्हणून नदीला शिकवू नकोस."

वासिलिना वर जाऊन आली ती गुडघाभर चिखलात. घळीत तोडलेले ओंडके अडकले होते. मागं पाणी तुंबून तळं झालं होतं आणि ओंडके करकरत होते. आमचं घर उतारावर उंच, गाव खाली. ती ओरडली, पण पावसात तिचा आवाज अंगणापलीकडे गेला नाही. तिनं मला ओढून बाहेर आणलं आणि घाईत लहानपणापासून कानात बसलेला सूर फुंकला. खालचा.

खाली दारं उघडली. टोप्या उतरल्या. शालीखाली मेणबत्त्या धरून सगळं गाव निघालं, ते थेट नदीकाठच्या होर्पिनाच्या घराकडे. म्हातारी महिनाभर अंथरुणावर होती, सगळे तिच्याच बातमीची वाट बघत होते. ती दारात येऊन ओरडली म्हणे, "अजून मेले नाही, मुडद्यांनो!"

आम्ही गावाला पाण्याच्या तोंडी नेऊन उभं केलं होतं.

"तेच वाजव, आणखी जोरात!" आजोबा दारातून म्हणाले. "दुसरं काही तुला येत नाही, या त्रेंबितालाही येत नाही."

वासिलिनानं ओठ आवळले. मी दबले नाही. माझा फुटका घसा होता तेवढा उघडला.

खाली वाड्यांची कुंपणं मोडली. मेंढ्या उतार चढू लागल्या, एकीमागे एक, आणि आपली सगळी पुंजी पळताना बघून लोक मेणबत्त्या टाकून शिव्या देत मागे धावले. तानासीच्या कॉलरला होर्पिनानं धरलं होतं. "मला टाकून मेंढीमागे पळतोस?" तिला पाठीवर घेऊन तो धापा टाकत वर आला.

शेवटचा माणूस आमच्या अंगणात पोचला आणि डोंगर खोकल्यासारखा आवाज झाला. ओंडके आले. होर्पिनाचं घर एकदाच वळलं आणि दिसेनासं झालं.

"मेंढ्यांना आधीच कळलं होतं," तानासीनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आजोबांनी मला मुद्दाम उंच खुंटीवर बांधलं. म्हणाले, हिचं वळण बिघडलंय.

बिघडू दे. तुमच्याही घशात न शिकवता येणारा एखादा सूर असेल. घरचे त्याला खोट म्हणत असतील. त्याला एकदा मोकळ्या उतारावर न्या, आणि माना कोण वर करतं ते बघा. खुंटीवर वाट बघत बसू नका. मी फार वर्षं बसले.

वरच्या घळीत पुन्हा ओंडके रचलेत. पाऊस कालपासून आहे, आणि आत्ता, एवढ्यात, नदीचा आवाज बसला.

वासिलिना, मला खाली काढ.