जड नावाची मुलगी

रेत्नो पंधरा वर्षांची होती, आणि रोज सकाळी सत्तरीची होऊन उठायची.

बोटं मिटायची नाहीत. गणवेशाचं बटण काजात जायचं नाही. न्हाणीघर दहा पावलांवर, पण त्या दहा पावलांना आधी भिंतीचा, मग दाराचा, मग पाण्याच्या टाक्याचा आधार लागायचा. आणि मग ऊन अंगणात आलं, नऊ वाजले, की सांधे एकेक करून सुटायचे. दुपारी ती मैत्रिणींबरोबर खिदळत शाळेतून परत यायची. सगळं घोडं तिथेच अडत होतं.

"सकाळी हिला धरून चालवावं लागत होतं ना?" शेजारची बू पार्ती कुंपणावरून विचारायची. "मग आता काय अंगात आलंय?"

कारांगदोवो गावात त्या वर्षी रेत्नोच्या दुखण्याचं कारण ठाऊक नाही असा माणूस नव्हता. फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. बाबा म्हणायचे, रात्री आंघोळ करते म्हणून. बू पार्ती म्हणायची, ओल्या केसांनी झोपते म्हणून. कवायतीचे मास्तर म्हणायचे, "सकाळच्या कवायतीला दुखतं आणि मधल्या सुट्टीत थांबतं, असा रोग मी चाळीस वर्षं बघतोय. त्याला आळस म्हणतात." त्यांनी प्रगतिपुस्तकात लाल शाईने नापासाचा आकडा घातला आणि वर आख्ख्या वर्गासमोर वाचून दाखवला.

आजीचं, म्हणजे म्बाह वागिराहचं, म्हणणं होतं की अंगात वारा शिरलाय. वारा शिरला की तो खरवडून काढायचा, त्यात विचारायचं काय? तिने ट्रंकेतलं डच राणीच्या काळातलं तांब्याचं नाणं काढलं, खोबरेल तेल घेतलं आणि रेत्नोला पालथं घातलं. पाठीवर वाघासारखे पट्टे उठले.

"बघ, बघ केवढा लाल! केवढा वारा साठवला होतास, न्दुक!" न्दुक म्हणजे पोरी. म्हातारी लाडात आली की न्दुक म्हणायची, आणि नाणं हातात असलं की हमखास लाडात यायची.

"म्बाह, दुखतंय गुडघ्यात. तुम्ही पाठ काय खरवडताय?"

"चोर खिडकीतून शिरला म्हणून पळताना खिडकीच शोधतो का? पडून राहा."

नाण्यानंतर पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून फिरणारी काढेवाली आली. हळद-चिंचेचा काढा झाला, आल्याचा झाला, किराइताचा तर इतका कडू की रेत्नोला दोन दिवस पाणीही कडू लागत होतं. मग मालीशवाला आला. त्याने पायाचा अंगठा ओढून पाहिला आणि सांगितलं की ही तीन वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडली होती. ती कधीच पडली नव्हती. पण तो इतक्या खात्रीने बोलला की आईला, लास्मीला, पेरूचं झाडसुद्धा आठवायला लागलं.

ही सगळी मंडळी यायची दुपारनंतर, आपापली कामं उरकून. तेव्हा रेत्नो अंगणात बसून तांदूळ निवडत असायची आणि तिची बोटं सुरेख चालत असायची. सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंचंही तेच झालं. रांगेत नंबर लागेपर्यंत अकरा वाजले. डॉक्टर हेर्मिननी गुडघे दाबले, मनगटं वळवली.

"आत्ता तर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी रक्त तपासायला सोलो शहरात पाठवते. पंधरा दिवसांनी मंगळवारी या."

परतताना रेत्नो उसाच्या बांधावरून चालत होती, आणि चालता येतंय याचाच तिला राग येत होता. रक्तातही काही निघालं नाही तर? मग मास्तर खरे. मग आपण खरंच आळशी, आणि सकाळी जे होतं ते आपणच करतो. आताशा तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. कुणीतरी एकाने, फक्त एकाने, हे अमुक आहे असं सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

पंधरा दिवस थांबणं म्बाहच्या स्वभावात नव्हतं. तिने एका दुपारी घरातल्यांना समोर बसवलं.

"पोरीचं नाव जड झालंय."

बाबांचा चेहरा पडला. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "सायकल दुरुस्ती" असल्या तोकड्या पाट्या रंगवून त्यांचा जीव इतका विटला होता की मुलगी झाली तेव्हा त्यांनी मनाची सगळी हौस भागवून घेतली. रेत्नो परमेस्वरी कुसुमानिंग्रात. तीन रंगांत, सोनेरी किनारीसकट, पाटी करून दारावर लावली होती.

"आई, हे नाव मी सात दिवस शोधत होतो."

"शोधलंस खरं, पण कुणाच्या घरात आणून ठेवलंस? हे राजवाड्यातल्या बायकांचं नाव. ते उचलायला त्यांच्याजवळ चार दासी असतात. आपली पोर एकटी उचलतेय पंधरा वर्षं. गुडघे जाणार नाहीत तर काय होईल?"

"मग सकाळीच का दुखतं?" रेत्नोने विचारलं.

"रात्रभर नाव छातीवर असतं ना!"

नाव बदलायचं ठरलं. शुक्रवारी शेजारीपाजारी बोलावले, भाताची रास झाली, गुळाची लाल खीर आणि नारळाच्या दुधाची पांढरी खीर झाली, आणि कापसाहून हलकं असं नवं नाव ठेवण्यात आलं. तुकिनेम.

रेत्नोच्या डोळ्यांत पाणी आलं. तुकिनेम नावाच्या चार बायका तिला माहीत होत्या. चौघी पान खायच्या आणि चौघींना मिळून सहा दात होते.

"आणि आता नीट ऐक," म्बाहने बजावलं, "जुन्या नावाने कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुखणं अजून त्या नावाने घर शोधत फिरतंय. ओ दिलीस की त्याला पत्ता कळला."

बाबांनी पाटी उलटी करून लावली.

पुढचे तीन दिवस रेत्नोला खरोखरच बरं वाटलं. म्बाह गावभर फिरून आली. चौथ्या दिवशी उजवा गुडघा पपईएवढा सुजला. म्हातारीने डोळे बारीक केले. "कुणीतरी जुनं नाव घेतलंय."

घेत होते ते वर्गशिक्षक, हजेरीत, रोज. आणि रेत्नो पहिल्या बाकावर, त्यांच्या नाकासमोर बसून गप्प राहत होती. त्या आठवड्यात ती सहा दिवस शाळेत गेली आणि सहा दिवस गैरहजर होती.

मंगळवार उजाडला. पहिला नंबर हवा म्हणून म्बाहने तिला सहालाच दवाखान्यात नेलं, निम्मं रिक्षातून, निम्मं ओढत. लाकडी बाकावर तासभर बसून रेत्नोचे गुडघे ठोकलेल्या खुंट्यांसारखे ताठरले. सातला खिडकी उघडली. जाड चष्म्याच्या परिचारिकेने पहिला कागद उचलला.

"रेत्नो परमेस्वरी कुसुमानिंग्रात!"

बाकांवरच्या माना वळल्या. "अगं बाई, राजवाड्यातलं कोण आलंय?" एक बाई म्हणाली आणि आपला पदर सावरून बसली.

रेत्नोने तोंड उघडलं. म्बाहने तिचं मनगट धरलं.

"तू तुकिनेम आहेस."

"म्बाह, कागद माझा आहे!"

"कागदाला काय होतंय? दुखतंय तुला."

"रेत्नो परमेस्वरी कुसुमानिंग्रात!" दुसरी हाक आली.

म्बाह स्वतः खिडकीशी गेली, अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, जरा तुकिनेम अशी हाक मारून बघता का?"

"तुकिनेम असा कागद नाही."

"कागद तोच हो. पोरगीही तीच. फक्त नाव हलकं केलंय."

"मग कागदावरही हलकं करून आणा. गावकचेरीचा शिक्का लागेल. आजी, बाजूला व्हा. तिसऱ्यांदा हाक मारते, नाहीतर कागद ठेवून देते. पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना. रेत्नोला तीस सकाळी दिसल्या, तीस वेळा भिंत, दार, पाण्याचं टाकं. परिचारिकेने श्वास घेतला, कारण नाव लांब होतं.

"रेत्नो पर—"

"मी!" रेत्नो ओरडली. "मीच ती! परमेस्वरीही मी आणि कुसुमानिंग्रातही मीच! येऊ दे दुखण्याला! त्याला पत्ता कधीचाच माहीत आहे, ते माझ्याकडेच राहतं!"

म्बाहने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाज ऐकून डॉक्टर हेर्मिन दारात आल्या. आणि रेत्नो उठायला गेली.

उठता येईना. तिने बाकाची कड धरली, बोटं वळेनात म्हणून कोपराने रेटा दिला, अर्धी उठली, बसली, पुन्हा उठली. तिला सावरायला सत्तरीची म्बाह टुणकन उडी मारून आली, तेव्हा त्या दोघींत म्हातारी कोण हे नव्याने आलेल्याला सांगता आलं नसतं.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी हात लावू नका तिला. रोज सकाळी अशीच उठतेस?"

"रोज."

"आणि दुपारी?"

"दुपारी मी बरी असते. म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही."

डॉक्टरीणबाई तिथेच, बाकासमोर उकिडव्या बसल्या. सुजलेला गुडघा त्यांनी तळव्यात धरला, मग बोटांचं एकेक पेर. "गेल्या खेपेला मी तुला अकरा वाजता बघितलं," त्या हळू म्हणाल्या. "चूक माझी झाली. सकाळचं दुखणं सकाळीच बघायला हवं होतं."

आत नेऊन त्यांनी सांगितलं की रक्तातही दाहाच्या खुणा आहेत. हा सांध्यांचा दाह आहे, पोरासोरांनाही होतो, आळसाशी त्याचा काही संबंध नाही. पक्कं करायला सोलोच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. गोळ्या घ्याव्या लागतील, उठल्याबरोबर गरम पाण्याचा शेक. कदाचित बरीच वर्षं चालेल.

रेत्नो ढसाढसा रडायला लागली.

"घाबरू नकोस गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घाबरले नाही," रेत्नो नाक पुसत म्हणाली. "मास्तरांना हे लिहून द्याल का? मोठ्या अक्षरांत?"

त्यांनी लिहून दिलं. वर रोगाचं लॅटिनमधलं नावही लिहिलं. घरी बाबांनी तो कागद उजेडात धरला आणि त्यांच्यातला पाटीवाला जागा झाला. "केवढं लांब नाव आहे! एका फळीत मावायचं नाही."

म्बाह इतका वेळ कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. जुन्या नावाला ओ दिली गेली होती, वर म्हातारपणाचा रोग पोरीला निघाला होता, आणि पोरीला म्हातारीचं नाव तिनेच दिलं होतं. ते तिला आतून टोचत होतं. पण लांब नाव ऐकून तिने मान वर केली.

"पुन्हा वाच."

बाबांनी अडखळत वाचलं.

"तरीच!" म्हातारीने मांडीवर थाप मारली. "जड नाव पोरीचं नव्हतं. दुखण्याचं होतं! एवढं ओझं घेऊन ते चालणार कसं? बसलंय पोरीच्या गुडघ्यात. लास्मी, तांदूळ भिजत घाल. गूळ आहे ना?"

शुक्रवारी पुन्हा तेच शेजारी, पुन्हा लाल खीर आणि पांढरी खीर. बू पार्ती दोन वाट्या खाऊन म्हणाली, अशी आजारी पोर प्रत्येक घरात असावी. बाबांनी पाटी सुलटी केली आणि सोनेरी किनारीवरून ओला फडका फिरवला. तुकिनेम हे नाव वाया घालवायचं नाही, म्हणून म्बाहने ते रीतसर दुखण्याला दिलं.

गोळ्या लागू पडायला दोन महिने गेले, आणि सगळं काही गेलं नाहीच. पण रोज उजाडता म्बाह गरम पाण्याची परात घेऊन रेत्नोच्या चटईशी येऊन बसायची, फडका पिळून गुडघ्यावर ठेवायची आणि गुडघ्याला दटावायची, "तुकिनेम, ऊठ बाई आता. सरक जरा. आमच्या परमेस्वरीला शाळेत जायचंय."

"म्बाह, ती ऐकत नाहीये."

"ऐकेल. माझ्याच गावची आहे. जरा हट्टी असतात."