माझ्या दांडीवरची वीट

मी सेफ्टी व्हॉल्व्ह बोलतोय. तुमच्या कुकरच्या शिट्टीचा थोरला भाऊच म्हणा ना! घाबरणं हा माझा धंदा. बॉयलरमधली वाफ हद्दीबाहेर गेली की मी घाबरतो, दांडी उचलतो, जादा वाफ सोडून देतो आणि जिवाच्या आकांतानं किंचाळतो. न घाबरणारा व्हॉल्व्ह काय कामाचा?

एका ओतशाळेत पितळेच्या रसातून माझा जन्म झाला. तिथून मी जबलपूरला, रांझीच्या वाटेवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या बॉयलरवर आलो. एकाहत्तर साल होतं. लढाई आज सुरू होते की उद्या, अशी हवा होती आणि कोळसा मिळता मिळत नव्हता. म्हणून श्रीरंग देवपुजारी सर धानाचा कोंडा जाळून वाफ करायचं संशोधन करत होते. त्यांनी एक उतरती पेटी बनवली होती. कोंडा तिच्यातून आपोआप घसरत भट्टीत पडे, माणसाची गरजच नाही. सरांना तिचा केवढा अभिमान! मला मात्र पहिल्या दिवसापासून तिची धास्ती वाटायची.

भट्टी बाबाराव सांभाळायचे, भंडाऱ्याकडचे. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांच्यासकट सगळ्या कामगारांच्या खोल्या होत्या आणि तिथेच, भिंतीला लागून, हवाई हल्ल्यात लपायला कामगारांच्या कुटुंबांसाठी खंदक खणला होता. मला पलीकडचं दिसत नसे, नुसतं ऐकू येई.

एके दुपारी वाफ चढली आणि मी किंचाळलो. मागच्या बायकांना वाटलं, सायरन झाला! सगळ्या खंदकाकडे पळाल्या. बाबारावांची बायको नर्मदा, सातव्या महिन्यातली, पळताना पडली. बाळ सुखरूप राहिलं, पण ती झोपेतही दचकून उठू लागली.

दुसऱ्या दिवशी बाबाराव शिडीवर चढले. हातात भट्टीची वीट होती. ती त्यांनी माझ्या दांडीला तारेनं करकचून बांधली.

"नाराज नको होऊ, भाऊ," ते हळूच म्हणाले. "वाफ मी चढूच देत नाही. लक्ष ठेवतो ना मी. फक्त तू ओरडू नको."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा! त्यांची माया मला कळत होती, म्हणून तर जास्तच भीती वाटत होती.

आणि मग एका सकाळी खराच सायरन वाजला. सराव होता की हल्ला, कोणाला माहीत? बाबाराव नर्मदेकडे धावले. सरांची विद्यार्थिनी विनीता दारात थबकली.

"सर, भट्टी चालू आहे!"

"अगं, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना! चल लवकर!"

सर माझ्या भरवशावर निघून गेले. ते दोघं मैदानातल्या खंदकात गेले आणि मी एकटा उरलो. कोंडा आपला घसरतोय, पडतोय, पेटतोय. वाफेचा दाब दाखवणारा काटा लाल रेघेपाशी आला आणि ती ओलांडून गेला. मी दांडी उचलायला गेलो, वीट हलेना. बॉयलरचे पत्रे जोडणारे रिव्हेट कुरकुरू लागले. आणि भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, खंदकातल्या बायकांची कुजबुज, एका पोराचं खिदळणं, नर्मदेचा खोकला. मला ओरडून सांगायचं होतं, पळा! पाचावर धारण बसली होती, पण आवाजच फुटेना.

तेवढ्यात पलीकडून बाबारावांचा आवाज आला, "अरे देवा, वीट!"

"बाहेर काहून जाता जी? सायरन वाजून राहिला!" नर्मदा ओरडली.

ते आले. शिडी चढले आणि तापलेली तार उघड्या हातांनी पिळू लागले. कातडी भाजत होती, तरी सोडली नाही. वीट खाली पडली.

"ओरड बाप्पा! ओरड आता!" ते रडत म्हणाले.

मी असा किंचाळलो की खरा सायरन थांबला तरी लोक खंदकातून बाहेर यायला तयार नव्हते. वाफेनं बाबारावांचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. परत आल्यावर सरांनी ती वीट पाहिली, तो हात पाहिला.

"काहून बांधली, बाबाराव?"

"बायको दचकते जी."

सरांनी विनीताला बोलावलं. त्या दिवसापासून भट्टी पेटवण्याआधी विनीता मागच्या दारोदार जाऊन सांगू लागली, "दीदी, आज व्हॉल्व्ह ओरडेल. पळू नका." बाळ झालं, ते माझ्या किंचाळण्यातही झोपायचं म्हणे. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

आता बॉयलर भंगारात गेलाय. मी कॉलेजच्या व्हरांड्यात एका ठोकळ्यावर, भिंतीला पाठ लावून बसलोय. पोरं येता-जाता माझ्या दांडीला हेल्मेट अडकवतात. वाफ नाही, आग नाही, तरी दांडीवर वजन आलं की माझा थरकाप उडतो. बाबांनो, हसा हवं तर, पण हेल्मेट दुसरीकडे ठेवा. भिंतीपलीकडे कोण बसलंय, ते मला इथून दिसत नाही.