दाणेगल्लीतला खोळंबा

नगरच्या दाणेगल्लीत सकाळी आठ वाजता बैलगाडी घालायची म्हणजे माणसाच्या अंगात एक तर मस्ती हवी, नाहीतर नाइलाज. आसारामच्या अंगातली मस्ती केव्हाच ओसरली होती. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायचे, बैलही त्याच्यासारखेच थकलेले. अरणगावाहून अंधारात जुंपलेली गोवऱ्यांची गाडी माळीवाडा वेशीतून आत घेईपर्यंत त्याचा अर्धा जीव गेलेला असायचा. उरलेला अर्धा गल्लीत जायचा.

लढाईचं चौथं वर्ष चाललं होतं. रॉकेल रेशनवर, पेट्रोल सगळं लष्कराला. तेव्हा शहराची चूल पेटायची ती खेड्यातल्या गाड्यांवर. दाणेगल्लीत सकाळच्या वेळी अकरा गाड्या शिरत. कुणाचं सरपण, कुणाचा कडबा, कुणाच्या गोवऱ्या. आणि प्रत्येक घराचा गाडीवान ठरलेला. एका घरी आसारामच्या गोवऱ्या, तर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी दुसऱ्याच्या. बापजाद्यांनी लावलेली घरं ती, मोडायची कुणाची छाती नव्हती. म्हणून एका दारात दोन पाट्या टाकायला अख्खी गाडी, दोन बैल आणि एक वैतागलेला माणूस आत यायचा. बैल आपला धर्म पाळून शेण टाकायचे, चाकं ते गल्लीभर सारवायची, त्यावर माशा बसायच्या आणि वरून धुरळा. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून गाडीवानांचा उद्धार करायच्या आणि त्याच तोंडाने म्हणायच्या, "उद्या जरा लवकर या बरं का!"

आसारामला हे दिसत नव्हतं असं नाही. पण गल्लीच्या मध्यावर त्याची एकुलती एक लेक छबू दिली होती.

त्या घरी तो सोयरिकीच्या आधीपासून गोवऱ्या टाकायचा. त्यातूनच लग्न जमलं. आणि लग्नातच घोळ झाला. विहीण आक्काबाई तरुणपणीच विधवा झालेली. तिला आणि तिच्या लेकराला, म्हणजे आसारामच्या जावयाला, सांभाळलं ते तिच्या थोरल्या भावाने. मांडवात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले गेले आणि नेमका त्या भावाला बांधायचा राहिला. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. आसाराम पंगतीच्या गडबडीत होता, फेटे बांधणाऱ्याला वाटलं आधीच बांधला असेल. पण भाऊ भरल्या ताटावरून उठला, आणि आक्काबाईने सुनेचं माहेर बंद केलं. दोन दिवाळ्या गेल्या, दोन नागपंचम्या गेल्या, छबू अरणगावला आली नाही. आसारामनेही मनात आढी धरली. चुकून झालं, त्यासाठी काय पाय धरायचे?

गोवऱ्या मात्र चालू राहिल्या. आक्काबाईने गोवऱ्या बंद केल्या नाहीत, फक्त त्याला व्याही म्हणणं बंद केलं. दारात गाडी थांबली की ती आतून ओरडायची, "छबू, गवरीवाला आलाय गं!" आसाराम ते गिळायचा. कारण पाटी घेऊन छबू बाहेर यायची.

मग आसाराम पाच-पाच गोवऱ्यांचा हात करून पाटीत ठेवायचा, आणि तो हात इतका सावकाश चालायचा की एखाद्या नवरीनेही एवढा वेळ लावला नसता. मध्येच आकडा विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा.

"बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय, आबा. आयचा खोकला?"

"उतरलाय. काळी गाय व्याली."

"काय झालं?"

"कालवड. तुझ्या आयनं तुझंच नाव ठिवलंय तिला."

छबू तोंडाला पदर लावून हसायची. मागे सरपणवाला सहादेव बोंबलत असायचा, "आसारामभाऊ, गवऱ्या मोजताय का तांदूळ निवडताय?" आसाराम ऐकू न आल्यासारखं करायचा. आठवड्यातून तीनदा हे पाव घटकेचं बोलणं, आणि ते घरी नेऊन बनुबाईला सांगायचं. बनुबाई, छबूची आई, दोन वर्षांत लेकीला बघू शकली नव्हती. "काय म्हनली?" असं ती गाडी सोडायच्या आत विचारायची. दोन वाक्यांचं बोलणं आसाराम जेवण होईपर्यंत पुरवायचा, थोडं पदरचं घालायचा. त्याच्या सगळ्या शिणाचं मोल म्हणाल तर एवढंच होतं.

संक्रांत झाली आणि नगरपालिकेचा आरोग्य मुकादम कृपादान वेशीत येऊन उभा राहिला. मिशनच्या शाळेत शिकलेला, बोलायला मवाळ, पण हातात घेतलेलं सोडायचा नाही. त्याने गाडीवानांना लिंबाखाली बसवून सांगितलं. पुढच्या सोमवारपासून दाणेगल्लीत एकही बैलगाडी जाणार नाही. सगळ्यांनी माल वेशीतल्या पटांगणात उतरवायचा. ज्याची जी घरं आहेत ती त्याचीच राहतील. प्रत्येकाने आपल्या पोत्याला आपल्या रंगाची चिंधी बांधायची, आणि घराची खूण सांगायची. नगरपालिकेचे दोन हातगाडे सकाळी एकाच फेरीत सगळ्या घरी माल पोचवतील. अकरा गाड्यांचं काम दोन हातगाड्यांवर. माशा कमी होतील, वाट मोकळी राहील. गेल्या पावसाळ्यात गल्लीत पटकीने तीन माणसं गेली होती, ती कुणी विसरलं नव्हतं.

कृपादान जरा बाजूला गेला तसा सहादेव उसळला. "आमी काय चोर हाय का वेशीत अडवाया? अर्ज करू. आसारामभाऊ, तुमी थोरले. पयला आंगठा तुमचा."

आसाराम आंगठा द्यायला तयारच होता. त्याच्या डोळ्यांपुढे गल्ली नव्हती, माशा नव्हत्या. पाटी घेऊन बाहेर येणारी छबू होती. तेवढ्यात कृपादानने त्याला हाताने खुणावलं. दोघे वेशीच्या सावलीत गेले.

"आसारामभाऊ, मी पाच दिवस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघितलं," कृपादान म्हणाला. "कोणती गाडी कुठं किती थांबते ते. सगळ्या गाड्या येतात, माल टाकतात आणि पुढं सरकतात. खोळंबा सुरू होतो तो तुमच्या गाडीपासून. आक्काबाईंच्या दारात."

आसारामने डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

"मी चौघांत बोललो नाही. का थांबता ते मला कळलं. मलाही मुलगी आहे, पार खर्ड्याला दिलीय." कृपादान थांबला. "पण गेल्या बुधवारी मिशनच्या एलिझाबेथ नर्सबाईंचा टांगा तुमच्या मागं अडकला होता. गल्लीच्या टोकाला एक बाई अडली होती. नर्सबाई टांग्यातून उतरून शेणातून पळत गेल्या. बाळ वाचलं म्हणून ठीक. अर्ध्या घटकेनं उशीर झाला असता तर कुणी कुणाला तोंड दाखवायचं होतं, मी तुम्हाला की तुम्ही मला?"

त्या बुधवारी मागून कुणीतरी फार ओरडत होतं हे आसारामला आठवलं. तो सहादेवच असेल असं समजून त्याने पाच गोवऱ्या पुन्हा मोजल्या होत्या. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही जास्त थकवा आला. लेकीशी दोन शब्द बोलायलाही कुणाचा तरी जीव मध्ये यावा, असलं कसलं नशीब!

लिंबाखाली परत येऊन त्याने आंगठा दिला नाही. "मुकादम म्हनतो ते खरं हाय," एवढंच म्हणाला. थोरल्यानेच माघार घेतल्यावर बाकीचे अर्ज कशाला करतात? सहादेव मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

सोमवारी आसारामने पोत्यांना हिरव्या चिंध्या बांधल्या, खुणा सांगितल्या आणि रिकामी गाडी वळवली. ऊन चढायच्या आत तो घरी पोचला. गुडघे दुखले नाहीत, बैल ताजेतवाने. बनुबाईने विचारलं, "काय म्हनली?"

"माल पोचला," आसाराम म्हणाला.

बुधवारीही माल पोचला. शुक्रवारीही. हातगाडेवाला परका माणूस, तो तरी दुसरं काय सांगणार? रविवारी रात्री ताट वाढता वाढता बनुबाईचा बांध फुटला. "गवऱ्या घेऊन जायाचं न्हाई म्हनून पोरगी बी न्हाई का आपली? का गवऱ्यांशीच लगीन लावलं हुतं तिचं?"

आसारामने ताट सरकवलं. रागावला तो, पण कुणावर ते त्याला कळेना.

सोमवारी त्याने माल वेशीत उतरवला, गाडी सहादेवच्या हवाली केली आणि रिकाम्या हातांनी दाणेगल्लीत शिरला. गल्ली ओळखू येत नव्हती. दारापुढे सडे घातलेले, रांगोळ्या दिसत होत्या. इतकी रुंद गल्ली होती ही? चाकांच्या, शेपट्यांच्या आणि शिव्यांच्या गर्दीत ती त्याने कधी बघितलीच नव्हती. आज गाडीच्या आडोशाशिवाय चालताना त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

आक्काबाई ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. "गवऱ्या मघाशीच आल्या," ती मान वर न करता म्हणाली.

"गवऱ्या घेऊन न्हाई आलो, विहीणबाई. पोरीला बघाया आलोय."

सूप थांबलं. आक्काबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग आत बघून म्हणाली, "छबू, पाणी आण."

छबू तांब्या घेऊन आली आणि बापाला ओसरीपाशी बघून दारातच थबकली. आसारामने हात पुढे केला नाही. गोवरीवाला म्हणून याच दारात त्याने ओंजळीने किती वेळा पाणी प्यायलं होतं. "आज न्हाई घेत," तो म्हणाला. "नातवाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पानी बाप पीत न्हाई. आज मी बाप म्हनून आलोय."

आक्काबाईच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं ते.

"आज?" ती म्हणाली. "आठवड्यातून तीनदा या दारात यायचात. मी मुद्दाम 'गवरीवाला' म्हणायची. वाटायचं, आज चिडेल, आज म्हणेल की मी गवरीवाला न्हाई, व्याही हाय. एकदा तरी पायरी चढून माझ्याशी बोलला असतात तर त्याच दिवशी मी सूनबाईला माहेरी धाडलं असतं. तुम्ही आपल्या गवऱ्या मोजत राहिलात."

"चुकलं माझं," आसाराम म्हणाला. दोन वर्षं जे घशात अडकलं होतं ते इतकं सहज बाहेर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "त्यो फेटा मुद्दाम न्हवता ऱ्हायला. तुमच्या भावाचं पाय धरतो मी."

"त्याचे पाय?" आक्काबाईने सूप खाली ठेवलं. "भाऊ माझा आषाढात गेला, व्याहीबुवा."

हे आसारामला ठाऊक होतं; दोन वर्षं मनात अडलेलं वाक्य तोंडातून तसंच निघून गेलं होतं. छबूनेच पाटी धरता धरता सांगितलं होतं, आणि सांगून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. दुखवट्याला आत जावं असं त्याच्या मनात आलं होतंही. पण गोवरीवाल्याने कशाला आत जायचं, असं मनाला समजावून त्याने पुढचा हात मोजला होता.

"दहाव्याला तरी याल असं वाटलं होतं," आक्काबाई म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "त्याला फेट्याचं काही उरलं न्हवतं शेवटी. मलाच म्हणायचा, पोरीला धाड आता."

छबूने तांब्या खाली ठेवला आणि आतून सतरंजी आणून ओसरीवर टाकली.

"बसा," आक्काबाई म्हणाली. "पाणी नका घेऊ. पण बसा."

आसाराम पायरी चढला आणि सतरंजीच्या कडेवर बसला. डोक्यावरचं पागोटं त्याने उतरवून मांडीवर घेतलं. ज्याच्या डोक्याला फेटा बांधायचा राहिला होता तो माणूस आता या ओसरीवर कधीच बसायचा नव्हता, आणि तोंड झाकायला आसारामजवळ त्या पागोट्याशिवाय दुसरं काही नव्हतं.